जॉन डब्ल्यू. जोन्स: एल्मायराच्या तीन हजार कबरी आणि त्यांची नोंद ठेवणारा माणूस

प्रश्न थोडक्यात असा होता: न्यू जर्सीहून नायगराला जाताना न्यूयॉर्क राज्यातल्या एल्मायराला थांबलो, मार्क ट्वेनची कबर बघायची होती, तर तिथेच लागून कॉन्फेडरेट सैनिकांच्या, म्हणजे गुलामगिरी टिकवायला लढलेल्यांच्या, जवळपास तीन हजार कबरी दिसल्या आणि कळलं की त्या सगळ्यांना जॉन डब्ल्यू. जोन्स नावाच्या एका पळून आलेल्या गुलामाने पुरलं. त्याने हे का केलं? आणि त्याने मोठ्या मनाने सगळ्यांना माफ केलं असं म्हणतात, ते खरं का?

मी इकडे अपस्टेट न्यूयॉर्कमध्ये जुन्या चर्च रजिस्टरांवर आणि दफनाच्या नोंदींवर काम करते, माझा पेशाच तो, त्यामुळे जोन्सबद्दल विचारलं की मी थोडी लांबण लावते, सांभाळून घ्या. पण आधी सरळ उत्तर देते. ते माफीचं मला पटत नाही. ती गोष्ट ऐकायला छान वाटते, सगळ्यांना सोयीचीही आहे, पण तिच्यामुळे जोन्स एक भला, सोशिक म्हातारा होऊन बसतो आणि त्याने खरं काय केलं ते मागे पडतं. त्याने खरं काय केलं ते त्याच्या नोंदींत दिसतं, म्हणून तिथून बघूया.

जोन्सचा जन्म 1817 चा, व्हर्जिनियातल्या लीसबर्गजवळचा, एल्झी नावाच्या कुटुंबाच्या इस्टेटीवरचा. मालकीण सॅली एल्झी म्हातारी होत चालली होती, आणि मालकीण मेली की काय होतं ते तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं, इस्टेटीची वाटणी होते आणि वाटणीत जमीन, गुरं, माणसं सगळंच जातं, कोण कुठल्या वारसाकडे जाईल, कोणाला थेट दक्षिणेच्या कापसाच्या शेतांवर विकतील याचा काही नेम नाही. म्हणून जून 1844 मध्ये, सत्तावीस वर्षांचा होत आला असताना, दोन सावत्र भाऊ आणि आणखी दोघांना घेऊन तो निघाला. साधारण 300 मैल म्हणजे 480 किलोमीटर, बहुतेक रात्रीचं चालणं. पेनसिल्व्हेनियाच्या उत्तर टोकाला साउथ क्रीक नावाचं गाव आहे, तिथे डॉ. नॅथॅनियल स्मिथ यांच्या गोठ्यात गवतात हे पाचही जण थकून पडलेले होते, स्मिथ यांच्या बायकोला, सारा स्मिथ यांना, ते सापडले आणि तिने त्यांना जेवू घालून चालण्याइतकं बरं केलं. इथले जुने लोक सांगतात की त्या बाई वारल्यावर त्यांच्या कबरीवर कायम ताजी फुलं असायची, आणि जोन्स गेल्यावर ती थांबली.

जुलैच्या सुरुवातीला एल्मायरात पोचला तेव्हा खिशात दीड डॉलरही नव्हता आणि लिहायला वाचायला येत नव्हतं. लाकडं फोडली, शाळेत झाडलोट केली, त्याच काळात शिकला. 1847 मध्ये फर्स्ट बाप्टिस्ट चर्चचा सेक्स्टन झाला, म्हणजे चर्चची देखभाल करणारा, घंटा वाजवणारा आणि गावातल्या कबरी खणणारा माणूस, आणि हे काम त्याने पुढे 43 वर्षं केलं. सेक्स्टन म्हटलं की लोकांना वाटतं हलकं काम. पण विचार करा, कुठल्याही छोट्या गावात कोण मेलं, कोणाची जमीन कुठली, कोणाच्या घरात काय चाललंय हे त्याला माहीत असणार, रात्रीअपरात्री कंदील घेऊन कुठेही दिसला तरी कोणी विचारणार नाही, आणि गावातल्या प्रत्येक घरात कधी ना कधी त्याची गरज लागलेली असणार. पुढे जे काही झालं ते या नोकरीमुळे शक्य झालं असं मला ठामपणे वाटतं.

1850 साली पळालेल्या गुलामांबद्दलचा नवा कायदा आला. पळून आलेल्याला मदत केली तर 1000 डॉलर दंड आणि सहा महिने कैद, आणि पकडलेल्याचा निकाल देणाऱ्या अधिकाऱ्याला मालकाच्या बाजूने निकाल दिला तर 10 डॉलर, माणसाला सोडलं तर 5. हो, हे कायद्यातच लिहिलेलं होतं. जोन्स स्वतः कायद्याच्या नजरेत फरारी, कोणीही व्हर्जिनियाहून येऊन त्याला बेड्या घालून नेऊ शकत होता, त्याचे बरेच मित्र यावेळी कॅनडात निघून गेले. हा गेला नाही. 1851 पासून त्याने एल्मायरातलं अंडरग्राउंड रेलरोडचं, म्हणजे पळालेल्या गुलामांना गुपचूप उत्तरेला आणि कॅनडात पोचवणाऱ्या लोकांच्या जाळ्याचं, काम हातात घेतलं आणि 1854 मध्ये चर्चला अगदी खेटून असलेलं पिवळं घर विकत घेतलं, त्या घरात एकेका रात्री 30 पर्यंत माणसं लपवल्याचं सांगतात. चर्चचे सभासद रविवारी शेजारी प्रार्थनेला येत होते, त्यातले किती जण डोळेझाक करत होते याचा विचार केला की गावाबद्दलही थोडं कळतं.

आता तुमच्या प्रवासाशी याचा जो संबंध आहे तो सांगते, कारण बहुतेक जणांना तो माहीत नसतो. अंडरग्राउंड रेलरोड म्हटलं की लोक भुयारं वगैरे शोधतात, बहुतेक ठिकाणी तसं काही नव्हतं, पायवाटा, घोडागाड्या, गोठे, ओळखीची घरं असं सगळं होतं. पण जोन्सच्या बाबतीत ती खरोखरची रेल्वे होती. 1854 मध्ये विल्यम्सपोर्टहून एल्मायरापर्यंत रूळ आले, दक्षिणेकडून माणसं फिलाडेल्फिया, हॅरिसबर्ग, विल्यम्सपोर्ट करत इथे यायची, जोन्सने रेल्वेतल्या नोकरांशी संधान बांधलेलं होतं, आणि पहाटे चारच्या गाडीच्या सामानाच्या डब्यात माणसं बसवली जायची. ती गाडी वॉटकिन्स ग्लेन, कॅनॅनडेग्वा करत नायगराला, आणि तिथून पुलापलीकडे कॅनडात, सेंट कॅथरिन्सला. म्हणजे आपली मराठी मंडळी दर उन्हाळ्यात गाडीत पुऱ्या आणि लोणचं घेऊन वॉटकिन्स ग्लेनचे धबधबे बघत नायगराला जातात त्याच्या बऱ्याच जवळून जाणारा हा मार्ग. दहा वर्षांत अंदाजे 800 माणसं जोन्सच्या हातून गेली असं मानतात आणि त्यातला एकही जण पकडून परत नेला गेला नाही असं इथल्या नोंदींत येतं.

हे एकट्याचं काम नव्हतं. कोळसा आणि लाकडाचे व्यापारी जर्व्हिस लँग्डन, जे पुढे मार्क ट्वेनचे सासरे झाले, ते पैसे द्यायचे, गुलामगिरीच्याच प्रश्नावर जुन्या चर्चमधून फुटून 1846 मध्ये निघालेल्या चर्चची मंडळी पाठीशी होती. पण पाटीवर, पुस्तकात बहुतेकदा लँग्डन यांचं नाव आधी येतं आणि जोन्स "मदतनीस" होतो, ते चुकीचं आहे. पैसा लँग्डन यांचा असेल, गाडीची वेळ, डबा, कोणाला कधी बाहेर काढायचं, कोणाला एक दिवस थांबवायचं, हे सगळं जोन्सचं डोकं होतं आणि पकडला गेला असता तर लँग्डन यांना दंड झाला असता, जोन्सला व्हर्जिनिया.

त्याच्या डोक्याचा नमुना बघायचा असेल तर 6 जून 1860 चं त्याचं पत्र वाचा. फिलाडेल्फियाचे विल्यम स्टिल, हेही ब्लॅक, तिथल्या सगळ्या कामाचे सूत्रधार, त्यांना जोन्सने एल्मायराहून लिहिलेलं हे पत्र स्टिल यांनी 1872 मध्ये आपल्या मोठ्या पुस्तकात छापलं म्हणून आपल्याकडे आहे. त्यात काय आहे? सहाही जण सुखरूप पोचले. दोन पुरुष काल रात्री बाराच्या सुमाराला आले. एक पुरुष आणि एक बाई स्टेशनवरून पुढच्या गाडीने पूर्वेला अठरा मैल गेले आणि आज रात्रीच परत आले, म्हणून दोघांना सकाळी पाठवलं आणि चौघांना संध्याकाळी. मग मध्येच दोन ओळी गाण्याच्या, जुन्या मालका माझ्यासाठी रडू नको, मी कॅनडाला चाललोय, अशा अर्थाच्या. मग ताजा कलम: तुम्ही आत्तापर्यंत कॅनडात किती पाठवले ते सांगाल का, मला ऐकायला आवडेल. आणि मेरीलँडमध्ये गुलामांना मुक्त करायला बंदी घालणारा कायदा झालाय म्हणे, तो करण्याआधी त्यांनी अंडरग्राउंड रेलरोडची परवानगी घ्यायला हवी होती!

मला हे पत्र फार आवडतं. यात रडणं नाही, उपदेश नाही. किती आले, कधी आले, कुठे चुकले, कोणत्या वेळेला पुढे गेले, आणि तुमचा आकडा काय. वीस वर्षांपूर्वी ज्याला अक्षर येत नव्हतं त्या माणसाचं हे पत्र. आणि हो, कायदा करणाऱ्यांना काढलेला तो चिमटा, त्यात जो आत्मविश्वास आहे तो बघा.

स्टिल एवढ्या बारकाईने नोंदी का ठेवायचे त्याचंही कारण आहे. 1850 मध्ये त्यांच्या ऑफिसात एक अनोळखी माणूस आला, आईबापांची नावं सांगायला लागला आणि बोलता बोलता स्टिल यांच्या लक्षात आलं की हा आपला सख्खा भाऊ पीटर, ज्याला आई पळताना मागे सोडून आली होती. त्यानंतर त्यांनी येणाऱ्या प्रत्येकाचं जुनं नाव, नवं नाव, आईबाप, भावंडं, मालक सगळं लिहून ठेवायला सुरुवात केली, की पुढे कधी कोणी शोधत आलं तर सापडावं. जोन्स याच लोकांत वावरलेला. नावाची नोंद म्हणजे काय हे त्याला माझ्यासारख्या पगारी माणसापेक्षा कितीतरी जास्त कळत होतं. 1850 आणि 1860 च्या अमेरिकन जनगणनेत गुलामांचे वेगळे तक्ते आहेत, त्यात मालकाचं नाव असतं आणि खाली नुसत्या ओळी, वय, स्त्री की पुरुष, रंग. नाव जवळपास कुठेच नाही. आजही एखादं ब्लॅक कुटुंब आपले पूर्वज शोधत आमच्याकडे येतं तेव्हा या तक्त्यांपाशी येऊन भिंत लागते. जोन्स लीसबर्गला राहिला असता तर तोही अशीच एक ओळ झाला असता.

आता कबरींकडे येते. अमेरिकेचं उत्तर-दक्षिण यादवी युद्ध 1861 ला सुरू झालं. जोन्सची बायको रेचल, तिचा भाऊ स्टीफन स्वेल्स हा मॅसॅच्युसेट्सच्या 54 व्या पलटणीत होता, तीच ती प्रसिद्ध ब्लॅक पलटण, फेब्रुवारी 1864 मध्ये तो फ्लोरिडात लढताना जखमी झाला आणि अमेरिकन सैन्यात अधिकारी झालेल्या सुरुवातीच्या ब्लॅक सैनिकांपैकी एक ठरला. हा धागा महत्त्वाचा आहे, कारण पकडलेल्या दक्षिणी सैनिकांसाठीचा एल्मायराचा कैदी कॅम्प एवढा का फुगला त्याचं एक मोठं कारण म्हणजे कैद्यांची अदलाबदल थांबलेली होती, आणि ती थांबण्यामागे दक्षिणेने पकडलेल्या ब्लॅक सैनिकांना युद्धकैदी मानायला दिलेला नकार हे एक मुख्य कारण होतं. म्हणजे ज्यांनी जोन्सच्या मेहुण्यासारख्यांना सैनिक मानलं नाही, त्यांचेच सैनिक त्यामुळे एल्मायरात अडकले.

कॅम्प जुलै 1864 ते जुलै 1865, एक वर्षभरच चालला. बारा हजारांहून जास्त कैदी आले, जवळपास चारातला एक मेला. शेमंग नदीकाठची पाणथळ जागा, आतमध्येच साचलेलं घाण तळं, सुरुवातीला तंबू, वरून इथली थंडी (जानेवारीत एल्मायराला येऊन बघा म्हणजे कळेल), जुलाब, स्कर्व्ही, देवी, न्यूमोनिया, शिवाय दक्षिणेतल्या कॅम्पांत उत्तरेच्या सैनिकांचे हाल होतात म्हणून रेशन मुद्दाम कमी केलेलं. यात उत्तरेच्या सरकारचा दोष आहे आणि तो झाकायचं काही कारण नाही, कैद्यांनी एल्मायराचं 'हेलमायरा' केलं, हेल म्हणजे नरक, ते उगाच नाही.

प्रेतं दफन करायचं काम सरकारने जोन्सला दिलं, एका दफनाचे अडीच डॉलर. तेव्हा साध्या सैनिकाचा महिन्याचा पगार 16 डॉलर होता, म्हणजे सहासात दफनांत एका सैनिकाचा महिना. ही गोष्ट सांगताना लोक पैशाचा भाग गाळतात, कारण माफीच्या गोष्टीत तो बसत नाही. मी मुद्दाम सांगते. हे कंत्राट होतं, त्याने ते नीट केलं, त्याला पैसे मिळाले, एकूण सात हजार डॉलरच्या वर, त्यातून तो या भागातल्या सधन ब्लॅक माणसांपैकी एक झाला आणि शेत घेतलं. याच न्यूयॉर्क राज्यात तेव्हा ब्लॅक पुरुषाला मत द्यायचं तर 250 डॉलरची मालमत्ता दाखवावी लागत होती, गोऱ्याला अशी अट नव्हती. मग मालमत्ता करणं हीसुद्धा लढाईच नाही का? त्याचा मोबदला घेतला म्हणून कामाची किंमत कमी होत नाही.

पण अडीच डॉलर खड्ड्याचे होते. घाईत चर खणून एकावर एक टाकले असते तरी कोणी विचारलं नसतं, शत्रूचे सैनिक ते. जोन्सने प्रत्येकाला वेगळी पेटी, ओळीत वेगळी ठरलेली जागा, पेटीच्या झाकणावर नाव, हुद्दा, कंपनी, रेजिमेंट, मृत्यूची तारीख, तीच माहिती कागदावर लिहून बाटलीत बंद करून पेटीत, डोक्याशी लाकडी फळी आणि वर स्वतःच्या रजिस्टरमध्ये कबरीच्या नंबरासकट सगळं पुन्हा. म्हणजे फळी कुजली तर रजिस्टर, रजिस्टर गेलं तर बाटली. काही दिवशी तर चाळीसच्या वर प्रेतं आली, तरी पद्धत तीच. आमच्या कामात याला काय महत्त्व आहे ते सांगते. सैनिकांच्या गळ्यातले ओळखीचे बिल्ले तेव्हा नव्हतेच. युद्धानंतर सरकारने राष्ट्रीय दफनभूम्या केल्या तेव्हा त्यांच्या स्वतःच्या, जिंकलेल्या बाजूच्या सैनिकांपैकीही 40 टक्क्यांहून जास्त अनोळखी राहिले. एल्मायरात जवळपास तीन हजारांमधले अनोळखी फक्त सात. 1877 मध्ये ही जागा राष्ट्रीय दफनभूमी झाली आणि 1907 मध्ये लाकडी फळ्या काढून संगमरवरी दगड बसवले तेव्हा प्रत्येक दगडावर काय कोरायचं ते जोन्सच्या नोंदींवरून ठरलं.

त्या नावांत एक नाव जॉन रोलिन्स होतं. एल्झी इस्टेटीवरच्या मुकादमाचा मुलगा. जोन्सने नाव ओळखलं आणि लीसबर्गला घरच्यांना कळवलं, असं सांगतात. गुलामांवर देखरेख करणाऱ्या मुकादमाचा मुलगा, लहानपणापासून पाहिलेला, आता पेटीत समोर. इथे थांबून लोक म्हणतात, बघा केवढं मन. असेलही. पण मला यात त्याची तीच जुनी सवय दिसते, घरच्यांना कळलं पाहिजे कोण कुठे आहे. स्टिल यांच्या ऑफिसात जे चालायचं तेच. ज्या लोकांनी त्याच्या माणसांची नावं कागदावर येऊ दिली नाहीत त्यांच्याही मुलांची नावं त्याने सोडली नाहीत, आणि ते माफ करून नव्हे तर माणसाची नोंद अशीच ठेवायची असते हे त्याचं मत होतं म्हणून. हे माझं वाचन आहे, पण 1860 च्या पत्रातला माणूस आणि 1865 च्या रजिस्टरमधला माणूस एकच आहे हे शेजारी शेजारी ठेवून वाचलं की मला दुसरं काही वाटत नाही.

जाता जाता आपल्याकडचा एक दुवा. स्टिल यांचं पुस्तक 1872 चं, आणि 1873 मध्ये जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करण्यासाठी झटलेल्या सदाचारी लोकांना अर्पण केलं. मराठी माणूस या विषयाशी दीडशे वर्षांपासून जोडलेला आहे. माझं एवढंच म्हणणं की त्या झटलेल्या लोकांत डोळ्यासमोर फक्त लिंकन आणू नका, जोन्स आणि स्टिलही आणा.

त्याच्यामागे गावात काय उरलं? जोन्स 26 डिसेंबर 1900 ला गेला, त्याची कबर वुडलॉन दफनभूमीतच आहे, जिथे तुम्ही ट्वेनची कबर बघितली. 1937 मध्ये दक्षिणेतल्या महिला संघटनेने कॉन्फेडरेट सैनिकांसाठी तिथे स्मारक उभं केलं. जोन्सच्या शेतघराची मात्र इतकी दुर्दशा झाली की 1997 मध्ये ते राहायला अयोग्य ठरवलं गेलं आणि पाडायची वेळ आली होती. स्थानिक लोकांनी, त्यातही ब्लॅक कुटुंबांनी पुढाकार घेऊन, वर्षानुवर्षं पैसे गोळा करून ते वाचवलं आणि 2017 मध्ये तिथे म्युझियम सुरू झालं. त्या घराला कैदी कॅम्पच्या मोडलेल्या बराकींचं लाकूड वापरलंय असं म्हणतात. मला राग येतो तो याचा की ज्याच्या नोंदींमुळे तीन हजार घरांना आपला माणूस सापडला त्याचं घर वाचवायला शतक लागलं, आणि ते वाचवलं कोणी तर फारशी साधनं नसलेल्या शेजाऱ्यांनी.

तर पुढच्या वेळी नायगराला जाताना दोनतीन तास काढा. आधी डेव्हिस स्ट्रीटवरचं जोन्स म्युझियम, मग वुडलॉन, ते तिथेच आहे. कॉन्फेडरेट दगड वरून टोकदार असतात, युनियनचे, म्हणजे उत्तरेच्या सैन्याचे, गोल, त्यावरून ओळखता येतं. ओळींमधून चालताना दगडावरची पलटण वाचा, व्हर्जिनिया, नॉर्थ कॅरोलायना, जॉर्जिया. जोन्सची कबर कुठे ते म्युझियममध्ये विचारून घ्या. वेळ उरला तर नदीकाठी कॅम्पची एक बराक पुन्हा उभी केलीय तीही बघा. म्युझियम रोज उघडं नसतं आणि हिवाळ्यात तर आधी फोन केल्याशिवाय निघूच नका. मुलं बरोबर असतील तर 1860 चं ते पत्र गाडीतच वाचून दाखवा, इंग्रजी सोपं आहे, आणि कायदा करण्याआधी परवानगी घ्यायला हवी होती असं म्हणणारं ते वाक्य दहा वर्षांच्या पोरालाही कळतं.